चूलबंद आवतण

आजचे वाचन: लूक १४:१५-२४
सोबत वाचा: प्रेषितांची कृत्ये १०, गलतीकरांस पत्र २:११-१४



आमच्या बोरी बुद्रुकसारख्या गावात कार्याचं आवतण दोन तऱ्हेचं असतं. एक असतं घरटी, म्हणजे प्रत्येक घरातून एका माणसाने यायचं. दुसरं असतं चूलबंद. त्याचा अर्थ, त्या दिवशी तुमच्या घरात चूल पेटवायची नाही. म्हाताऱ्या आजीपासून पाळण्यातल्या बाळापर्यंत सगळ्यांनी जेवायला यायचं, पाहुणा आलेला असेल तर त्यालाही घेऊन यायचं. शहरात वाढलेल्या माझ्या काही मित्रांनी हा शब्द ऐकलेलाच नाही, म्हणून आधी सांगून ठेवला. आजच्या दाखल्याला हाच शब्द नेमका बसतो असं मला वाटतं.

आजचा प्रश्न साधा आहे. सुवार्ता नेमकी कोणासाठी? "सर्वांसाठी" हे उत्तर आपल्याला संडेस्कूलपासून पाठ आहे. पण "सर्व" म्हणताना देवाच्या मनात कोण आहे आणि आपल्या मनात कोण आहे, हे आज शांतपणे तपासून पाहू या.

दाखला कुठे सांगितला गेला?

लूकचा चौदावा अध्याय पहिल्या वचनापासून वाचा. शब्बाथाचा दिवस आहे, येशू एका मोठ्या परूश्याच्या घरी जेवायला गेला आहे, आणि मानाच्या जागेसाठी चाललेली पाहुण्यांची धडपड तो बघतो आहे. मग तो यजमानाला सरळच सांगतो की मेजवानी द्यायची तर परतफेड करू शकणाऱ्यांना बोलावू नकोस, गरिबांना आणि अपंगांना बोलाव. (आपल्या लग्नातली अहेराची वही आठवा. कोणी किती दिले, हे बघून त्यांच्या घरी किती द्यायचे ते ठरते. येशूने नेमके त्या वहीवर बोट ठेवले आहे.) वातावरण अवघडलेलं आहे. तेवढ्यात एक पाहुणा, देवाच्या राज्यात जेवणारा किती धन्य, असं काहीतरी भाविक वाक्य बोलून विषय गोड करू पाहतो. त्या पाहुण्याला येशूने दिलेलं उत्तर म्हणजे हा दाखला.

एका माणसाने मोठं जेवण ठेवलं, पुष्कळांना आवतण दिलं. जेवण तयार झाल्यावर त्याने दासाला पुन्हा पाठवलं की चला, सगळं तयार आहे. हे दुसरं बोलावणं आपल्याला ओळखीचं आहे. गावात आवतण आठवडाभर आधी येतं आणि पंगत बसायच्या वेळी कोणीतरी दारात येऊन हाक मारतो, "चला, पानं मांडली." पहिल्या आवतणाला हो म्हणायचं आणि दुसऱ्या हाकेला नाही म्हणायचं, हा यजमानाचा चारचौघांत केलेला अपमान असतो.

कारणं बघा. एकाने शेत घेतलं आहे. दुसऱ्याने बैलांच्या पाच जोड्या घेतल्या आहेत, त्या पारखायच्या आहेत. आमच्या भागात हे कारण कोणालाही पटेल, कारण बैलगाड्याच्या शर्यतीपुढे इथे जेवणच काय, झोपही दुय्यम असते. तिसऱ्याचं नुकतंच लग्न झालंय. तिन्ही कारणांत पाप असं एकही नाही. जमीन, काम, संसार, सगळी चांगलीच माणसं आणि चांगलीच कामं. चांगल्या गोष्टींनीच माणूस देवाच्या पंगतीला मुकतो, हा दाखल्यातला पहिला धक्का.

दुसरा धक्का पुढे आहे. यजमान दासाला दोनदा बाहेर पाठवतो. पहिल्या खेपेला नगरातले रस्ते आणि गल्ल्या. तिथून गरीब, लंगडे, आंधळे आत येतात. ही गावातलीच पण कोणी न बोलावलेली माणसं. तरीही जागा उरते. मग दुसऱ्या खेपेला तो त्याला नगराबाहेर पाठवतो, सडकांवर आणि कुंपणांपाशी. ही माणसं गावची नाहीतच. त्यांचं नाव कोणाला माहीत नाही, त्यांचं गाव-शिव कोणी विचारलेलं नाही. यजमानाला एवढंच कळतं की माझं घर भरलं पाहिजे.

लूकने पुढे प्रेषितांची कृत्ये लिहिलं. त्या पुस्तकात ही दुसरी खेप प्रत्यक्षात घडताना दिसते. यरुशलेम, मग शोमरोन, मग एक कूशी अधिकारी, मग रोमी शताधिपती, मग अंत्युखिया आणि थेट रोम. सडका आणि कुंपणं म्हणजे आपण, प्रियांनो. आपण मूळच्या यादीतले पाहुणे नाही, नंतर हाक मारून आणलेले आहोत. हे विसरलं की सगळा घोळ सुरू होतो.

नंतर टाकलेला पॅच नाही

मी पेशाने सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे माझ्या डोक्यात एक शंका पटकन येते. आधी यादीतल्यांनी नकार दिला म्हणून मग इतरांना बोलावलं, म्हणजे आपण देवाच्या योजनेत नंतर टाकलेला पॅच आहोत का?

शास्त्र म्हणतं, नाही. उत्पत्ती १२:३ उघडा. अब्राहामाला बोलावतानाच देव सांगतो की तुझ्याद्वारे पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना आशीर्वाद मिळेल. एका घराण्याची निवड सगळ्या घराण्यांसाठी होती. यशया २५:६ मध्ये देव डोंगरावर मेजवानी मांडतो, ती सर्व लोकांसाठी. यशया ५६:७ मध्ये देवाचं घर सर्व राष्ट्रांचं प्रार्थनामंदिर ठरतं, आणि येशूने मंदिरातले सराफ आणि व्यापारी हुसकावताना हेच वचन उच्चारलं (मार्क ११:१७). डिझाइन पहिल्यापासून सर्वांसाठी होतं. माणसांनी त्याच्याभोवती भिंती उभारल्या.

दोन दगड

भिंत हा शब्द मी सहज वापरला नाही. यरुशलेमच्या मंदिरात खरोखरची भिंत होती. परराष्ट्रीयांना बाहेरच्या अंगणापर्यंत येता येई, पुढे एक कठडा होता. त्या कठड्यावर बसवलेला एक दगड १८७१ साली फ्रेंच संशोधक क्लेरमाँ-गानो यांना सापडला. आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. त्यावर ग्रीक भाषेत इशारा कोरला आहे. त्याचा मतितार्थ असा की परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, आणि आत सापडला तर आपल्या मरणाला तो स्वतःच जबाबदार. पौलावर जमाव धावून गेला तो याच भिंतीवरून. त्याने इफिसच्या त्रफिमाला आत नेलं असा त्यांचा समज झाला होता (प्रे. कृत्ये २१:२८-२९). आता इफिसकरांस पत्र २:१४ वाचा. ख्रिस्ताने मधली आडभिंत पाडली असं पौल लिहितो, तेव्हा पहिल्या वाचकांच्या डोळ्यांपुढे अशी दगडी भिंत असणार.

आता दुसरा दगड, आपल्या तालुक्यातला. जुन्नरभोवतीच्या डोंगरांत सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी लेखांत दान देणाऱ्यांची नावं आहेत आणि त्यांत तीन यवन आहेत, म्हणजे पश्चिमेकडून आलेले परदेशी. इरिल नावाच्या यवनाने पाण्याची दोन टाकी दिली. चंद नावाच्या यवनाने लेण्याच्या दर्शनी भागाचं दान केलं. आणि चिट नावाच्या यवनाने संघासाठी भोजनमंडप दिला. नाणेघाटातून कल्याण-सोपाऱ्याकडे माल जायचा-यायचा, त्याच वाटेने ही माणसं वर आली असणार.

हा बौद्ध समाजाचा वारसा आहे, त्याला ख्रिस्ती रंग देण्याचा माझा हेतू अजिबात नाही. मला एवढंच दिसतं की एका दगडाने परक्याला मरणाची धमकी दिली, आणि आपल्या मातीतल्या दुसऱ्या दगडाने परक्याचं नाव जपून ठेवलं, तेही भोजनमंडपाचा दाता म्हणून. "आपण आणि परके" ही विभागणी सह्याद्रीने काही जन्मापासून शिकवलेली नाही.

ऑफिसात मला एक प्रश्न नेहमी येतो: "अरे, पण तुमचा धर्म इंग्रजांचा ना?" याचं उत्तर चिडून देऊ नका, माहिती द्या. येशू आशियात जन्मला. कॉस्मस नावाच्या प्रवाशाने इसवी सनाच्या सहाव्या शतकात 'कल्लियाना' इथे ख्रिस्ती मंडळी आणि पर्शियातून नेमलेला बिशप असल्याचं लिहून ठेवलंय. पुष्कळ अभ्यासक हे ठिकाण म्हणजे आपलं कल्याण असं मानतात. तेव्हा इंग्रजांचं राज्य तर सोडाच, आजची इंग्रजी भाषासुद्धा अस्तित्वात नव्हती. सुवार्ता कोणा एका देशाची मालमत्ता नाही. ज्याने आवतण आणून दिलं तो फक्त दास. मेजवानी त्याची नाही.

खरी परीक्षा पंगतीत

आता जरा जड भागाकडे येऊ.

प्रेषितांची कृत्ये ९ च्या शेवटी पेत्र यापो इथे शिमोन नावाच्या माणसाच्या घरी उतरलेला आहे. हा शिमोन कातडी कमावणारा. मेलेल्या जनावरांशी रोजचा संबंध, म्हणून यहुदी नियमांप्रमाणे सतत विटाळाचा धंदा. त्याचं घर समुद्राकाठी होतं. असा धंदा करणाऱ्यांना आपल्या गावांनी कुठे घरं बांधू दिली, हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. त्या घराच्या गच्चीवर पेत्राला दृष्टान्त होतो. आकाशातून चादर उतरते, तिच्यात सगळे प्राणी, आणि आज्ञा होते की खा. पेत्र तीनदा नाही म्हणतो. देवाने शुद्ध केलेल्याला तू अशुद्ध म्हणू नकोस, हे त्याला तीनदा ऐकावं लागतं. मग खाली कर्नेल्याची माणसं दारात उभी दिसतात आणि पेत्राला कळतं की विषय प्राण्यांचा नव्हताच, माणसांचा होता. तो कैसरियाला जातो, रोमी शताधिपतीच्या उंबरठ्याच्या आत पाऊल टाकतो आणि कबूल करतो की देव पक्षपाती नाही.

इथे गोष्ट संपली असती तर किती छान झालं असतं! पण गलती २ वाचा. काही काळाने हाच पेत्र अंत्युखियात परराष्ट्रीय विश्वासणाऱ्यांबरोबर एका पंगतीला जेवत होता. यरुशलेमहून काही मंडळी आली आणि तो हळूच उठून वेगळा बसू लागला. त्याचं बघून इतर यहुदी, अगदी बर्णबासुद्धा, उठले. पेत्राने शिकवण बदलली नव्हती. सुवार्ता सर्वांसाठी आहे असं तो तेव्हाही म्हणाला असता. त्याने फक्त ताट हलवलं. आणि पौलाने त्याला सर्वांसमोर सुनावलं की हे सुवार्तेच्या सत्याला धरून नाही.

माझ्या मते आजच्या मननाचा गाभा इथे आहे. आवतण सर्वांना देणं सोपं आहे. पंगत एक ठेवणं कठीण आहे. आणि पंगत वेगळी झाली की आवतण खोटं ठरतं.

महाराष्ट्राने हे कसं अनुभवलं

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई तेव्हा त्यांच्याबरोबर नव्हत्या, त्यांच्यासाठी तर तो वज्राघात होता. पुढे त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हासुद्धा त्यांचं सोवळं, त्यांचं पाणी, त्यांची चूल वेगळी होती. 'स्मृतिचित्रे'मध्ये त्यांनी हे मोकळेपणाने सांगितलंय. एका घरात दोन चुली. मग एके दिवशी त्यांच्या मनाने विचार केला की जात देवाने केली की माणसाने? उत्तर आतूनच आलं आणि सोवळं गळून पडलं. कोणी वाद घालून त्यांना हरवलं नाही. त्यांचा बाप्तिस्मा १९०० साली झाला, पण माझ्या दृष्टीने त्यांनी कोणाच्याही हातचं पाणी घ्यायला सुरुवात केली तो दिवसही तितकाच मोठा.

पंडिता रमाबाईंचं बघा. १८८९ साली त्यांनी मुंबईत शारदा सदन काढलं, पुढच्या वर्षी ते पुण्यात आलं. तिथे येणाऱ्या विधवा मुलींना आपापले जातीचे आचार पाळायची मोकळीक होती. रमाबाई स्वतः ख्रिस्ती होत्या, पण मुलींवर सक्ती नव्हती. पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली आणि बायका गोळा करून आणल्या. दौंड तालुक्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं. ज्यांना कोणी घरात घेत नव्हतं अशा नाना जातींच्या मुलींना तिथे घर मिळालं. दाखल्यातली दुसरी खेप बघायची असेल तर केडगावला जाऊन या, पुण्याहून रेल्वेने फार लांब नाही.

हा फक्त ख्रिस्ती लोकांचा प्रश्न होता असं समजू नका. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, मंदिराच्या बाहेर. १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना विठ्ठलाचं दार हरिजनांना उघडावं म्हणून उपोषणाला बसावं लागलं. देवाच्या दारी सगळ्यांना जागा असावी, ही तहान या मातीत जुनी आहे. सुवार्ता त्या तहानेशी बोलते. ती तहान आपणच निर्माण केली असा आव आपण आणू नये.

प्रत्येकाच्या भाषेत

पेंटेकॉस्टच्या दिवशी पवित्र आत्मा उतरला तेव्हा सगळ्यांना एकच भाषा समजू लागली नाही. प्रत्येकाला आपापल्या जन्मभाषेत ऐकू आलं (प्रे. कृत्ये २:८). पार्थी, मेदी, क्रेतीय, अरब, सगळ्यांची नावं लूकने मोजून दिली आहेत.

आमच्या क्षेत्रातलं उदाहरण देतो. युनिकोड येण्याआधी मराठी मजकूर कृती देव किंवा श्री-लिपीमध्ये टाइप करून पाठवला आणि समोरच्याकडे तो फाँट नसला, तर पडद्यावर नुसता कचरा दिसायचा. युनिकोडने सगळ्यांवर रोमन लिपी लादली नाही. प्रत्येक लिपीला स्वतःचा कप्पा दिला, देवनागरीचा कप्पा १२८ जागांचा आहे. एकच व्यवस्था, पण "ळ" चा "ळ" च राहतो. प्रकटीकरण ७:९ मध्ये योहान राजासनापुढे मोठा समुदाय बघतो तेव्हा त्याला राष्ट्रं, वंश आणि भाषा वेगवेगळ्या ओळखू येतात. स्वर्गातसुद्धा आपलं मराठीपण पुसलं जाणार नाही.

म्हणूनच आपल्या भाषेतला हा इतिहास मला फार जवळचा वाटतो. फादर थॉमस स्टीफन्स हा इंग्रज माणूस १५७९ साली गोव्यात आला आणि १६१६ साली त्याचं 'ख्रिस्तपुराण' छापलं गेलं, मराठीत आणि ओवीत. १८०५ साली विल्यम केरी आणि त्यांच्या पंडितांनी श्रीरामपूरहून (हे बंगालमधलं, नगरचं नव्हे!) मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं, १८११ साली नवा करार. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत अख्खं शास्त्र उतरवलं. त्या १९२२ साली वारल्या, ते भाषांतर १९२४ साली पूर्ण छापून बाहेर आलं. आवतण पाहुण्याच्या भाषेत द्यायचं असतं, हे या सगळ्यांना कळलं होतं.

"आग्रह कर" म्हणजे काय?

लूक १४:२३ मधला एक शब्द अवघड आहे. यजमान दासाला सांगतो की कुंपणांजवळच्या लोकांना आत यायला भाग पाड. या एका शब्दाचा इतिहासात भयंकर वापर झाला. पाचव्या शतकात ऑगस्टीनने उत्तर आफ्रिकेतल्या फुटीर ख्रिस्ती गटावर राजसत्तेचा दबाव आणण्याच्या समर्थनासाठी हेच वचन घेतलं. आणि ज्या गोव्यात स्टीफन्स ओव्या रचत होता, तिथेच १५६० पासून इन्क्विझिशनचं न्यायालय बसलेलं होतं. हे आपल्याच घरातलं आहे. लपवायचं नाही.

पण दाखला नीट वाचा. ज्यांनी नकार दिला त्यांना यजमानाने ओढून आणलं का? नाही. त्यांचा नकार त्याने, रागावून का होईना, मान्य केला. मग भाग पाडायचं कोणाला? सडकेवरच्या माणसाला. कारण त्याला पटतच नाही की हे बोलावणं आपल्याला आहे. तो म्हणणार, "साहेब, माझे कपडे बघा, तुमची चूक झाली असेल." गावात लाजणाऱ्या पाहुण्याचा हात धरून आपण म्हणतो ना, "अहो चला हो, तुमच्याशिवाय पान वाढणार नाही"? तो हा आग्रह. दासाच्या हातात तलवार नाही, पैशाची थैली नाही, भीती घालणारी गोष्टही नाही. त्याच्याजवळ एकच निरोप आहे: सगळं तयार आहे, या.

टिळकांनी आयुष्याच्या शेवटी, १९१७ साली, साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. त्यात बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले, दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र यावेत अशी त्यांची इच्छा होती. त्या काळच्या अनेकांना ते पटलं नाही, आजही सगळ्यांना पटेल असं नाही. पण दार किती उघडं ठेवायचं, याचा विचार करताना आपल्याच मराठी माणसाने किती लांबवर पाहिलं होतं, ते ध्यानात असावं.

आपल्या राज्यघटनेचं २५ वं कलम धर्म मानण्याचं, आचरण्याचं आणि त्याचा प्रसार करण्याचं स्वातंत्र्य देतं, आणि त्याच कलमात प्रत्येकाच्या सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्यही आहे. निरोप देणं माझ्याकडे, उत्तर देणं समोरच्याकडे. हृदय बदलणं तर दोघांकडेही नाही, ते देवाकडे.

मग आज काय?

मला तीन गोष्टी जाणवतात.

पहिली, आपली पंगत. मराठी ख्रिस्ती घरांत स्थळं बघताना "मूळचे कोण?" हा प्रश्न मी अनेकदा ऐकला आहे. बाप्तिस्म्याला तीन पिढ्या झाल्या तरी विचारला जातो. प्रभुभोजनाला एका भाकरीचे भागीदार आणि लग्नाच्या वेळी वेगळ्या चुली? हीच अंत्युखियाची पंगत. तुमच्यापैकी बरेच जण आज त्या वयात आहात. बायोडेटात कोणता रकाना भरायचा आणि कोणता रिकामा सोडायचा हे तुमच्या हातात आहे. आईवडिलांशी भांडू नका. पण गलती २ त्यांच्यासोबत बसून वाचा.

दुसरी, आपली सडक आणि आपली कुंपणं. आमच्या भागात ऊसतोडीच्या हंगामात रस्त्याकडेला, बांधाला लागून कोप्या उभ्या राहतात. लांबून आलेली कुटुंबं काही महिने तिथे राहतात आणि निघून जातात. कोणाच्या यादीत त्यांची नावं नसतात. पुण्यात हीच माणसं बांधकामाच्या पत्र्यांआड असतात, सोसायटीच्या गेटवर असतात, आपल्या दारात पार्सल देऊन लिफ्टने खाली जातात. लूक १४:२३ चा पत्ता शोधायला गूगल मॅप लागत नाही. सुरुवात उपदेशाने करू नका. नाव विचारा, चहा विचारा, मुलं शाळेत जातात का ते विचारा. आणि हे परतफेडीच्या अपेक्षेने करू नका. तो चर्चला आला तर मैत्री, नाही आला तर संपलं, असा हिशेब असेल तर ती पुन्हा अहेराची वहीच झाली.

तिसरी, आपण स्वतः. तुमच्यापैकी काही जणांना वाटतं की आवतण सर्वांना असेल, पण माझ्यासारख्याला नाही. घर सोडलेलं, सवयी सुटत नाहीत, चर्चला जाऊन वर्षं झाली. बांधावर उभं राहून दुरून मांडवातले दिवे बघणाऱ्या माणसासारखी तुमची अवस्था आहे. तुमच्यासाठीच तर दासाला दुसऱ्यांदा पाठवलं गेलं. लायक पाहुणे मिळाले म्हणून हे घर भरलेलं नाही. यजमानाला जागा रिकामी ठेवायची नाही, म्हणून ते भरतं. आणि वधस्तंभावर त्याने या जेवणाची किंमत आधीच चुकती केली आहे.

कुकडीच्या काठी, आमच्या बोरीत, ज्वालामुखीच्या राखेचा जुना थर आहे, आणि तिथेच आदिमानवाची दगडी हत्यारं सापडली आहेत. देशोदेशीचे अभ्यासक ते बघायला येतात. जातीपाती, गावकी-भावकी, भाषा आणि देश यांतलं काहीही नव्हतं तेव्हाची माणसं इथे पाणी पीत होती. अथेन्समध्ये पौलाने सांगितलं की देवाने एकापासून सगळी राष्ट्रं निर्माण केली (प्रे. कृत्ये १७:२६). पुढच्याच वचनात तो म्हणतो की माणसांनी देवाला शोधावं म्हणून हे केलं, आणि तो आपल्यापैकी कोणापासूनही दूर नाही. सर्व राष्ट्रांना आवतण का, तर सर्व त्याचीच लेकरं म्हणून.

आठवडाभर मननासाठी

१. शेत, बैल, लग्न: यांपैकी माझं चांगलं कारण कोणतं आहे?
२. कोण आल्यावर मी माझं ताट हलवतो? कोणाच्या भीतीने?
३. या आठवड्यात मी कोणत्या एका माणसाचं नाव विचारणार, ज्याला मी रोज बघतो पण ओळखत नाही?

प्रार्थना

हे स्वर्गीय पित्या, आम्ही कुंपणापाशी उभे होतो आणि तू आम्हाला हाक मारलीस, म्हणून तुझे उपकार मानतो. तुझ्या घरात बसल्यावर दार लोटून घेण्याची बुद्धी आम्हाला देऊ नकोस. आमच्या मंडळीत, आमच्या सोयरिकीत, आमच्या स्वयंपाकघरात एकच पंगत असू दे. निरोप सांगताना आमच्या बोलण्यात गोडवा असू दे, सक्ती नको, लोभ नको. आणि जो आज लाजून दूर उभा आहे, त्याचा हात धरायला आम्हांला पाठव. प्रभू येशूच्या नावाने मागतो. आमेन.

उद्याचे वाचन: प्रेषितांची कृत्ये ८:२६-४०. जमल्यास रात्री झोपण्याआधी एकदा वाचून ठेवा.